लाल बावटा आणि विधानसभा

बीड तालुक्यातलं लिंबागणेश हे बालाघाटाच्या माळावरचं गाव भालचंद्र गणपतीसाठी ओळखलं जातं. राजकीय इतिहासाच्या दृष्टीनं पाहिलं, तर मराठवाड्यातल्या इतर गावांसारखीच या गावाचीही एक वेगळी गोष्ट आहे. इथल्या मतदारानं आपला उंबरठा न सोडता दहा वर्षांत तीन वेगवेगळ्या विधानसभांसाठी मत दिलं. १९५२ मध्ये हैदराबाद राज्याच्या, १९५७ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याच्या आणि १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या. राजधानी हैदराबादहून मुंबईला गेली, कारभाराची भाषा बदलली, सातबाऱ्यावरचे कायदे बदलले. तिन्ही विधानसभांत सत्तेवर मात्र काँग्रेसच बसली, आणि तिन्हींत समोरच्या बाकांवर शेतकरी आणि कामगार यांच्या नावानं निवडून आलेली माणसं होती.

लोकसभेला तर बीडनं पंचवीस वर्षांत तीनदा डाव्यांना कौल दिला. १९५२ मध्ये पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे निवडून आले. १९६७ मध्ये साताऱ्याच्या प्रतिसरकारचे सेनानी क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर बीडचे खासदार झाले. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे जिंकले. इतका कौल मिळूनही महाराष्ट्रात कष्टकऱ्यांच्या पक्षाचं स्वतःचं सरकार कधी का आलं नाही? आणि आलं नाही म्हणून त्या पक्षांची कामगिरी वाया गेली का?

कामगार पक्षाचं जगातलं पहिलं सरकार एका प्रांतिक कायदेमंडळातच आलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १ डिसेंबर १८९९ रोजी अँडरसन डॉसन यांनी लेबर पक्षाचं मंत्रिमंडळ बनवलं. ते एक आठवडा टिकलं. ब्रिटनच्या मजूर पक्षाला लंडनमध्ये पहिलं सरकार बनवायला १९२४ साल उजाडावं लागलं. भारतात १९५७ मध्ये केरळात ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचं कम्युनिस्ट सरकार निवडून आलं आणि १९५९ मध्ये केंद्रानं ते बरखास्त केलं. पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी १९७७ पासून २०११ पर्यंत, सलग ३४ वर्षं सत्तेत राहिली. महाराष्ट्राची वाट यांपैकी कोणाहीसारखी गेली नाही.

चौदा आमदारांचा पक्ष

ही वाट मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात सुरू होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. गिरणीतला कामगार, शेतावरचा मजूर, कोकणातलं कूळ या सगळ्यांना एका झेंड्याखाली आणायचा तो प्रयत्न होता. १९३७ च्या निवडणुकीत १७५ जागांच्या विधानसभेत या पक्षाचे १४ उमेदवार निवडून आले. नाशिकचे दादासाहेब गायकवाड त्यांच्यात होते, रत्नागिरीकडून आलेले शामराव परुळेकरही होते. सरकार बाळासाहेब खेरांच्या काँग्रेसचं झालं, स्वतंत्र मजूर पक्ष विरोधात बसला.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला असे. तो सारा गोळा करी, आणि कुळाकडून किती घ्यायचं हे बहुतेक वेळा तोच ठरवी. कुलाबा जिल्ह्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जमीन कसायलाच नकार दिला होता. तो संप १९३९ पर्यंत चालला. लोकांनी मोलमजुरी केली, जंगलातली लाकडं विकली, पण खोताची जमीन नांगरली नाही. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत येऊन कौन्सिल हॉलवर धडकले. विधेयक त्या सभागृहात मंजूर झालं नाही. खोती संपवणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं, आणि तो काँग्रेसच्या सरकारनं केला.

मजूर पक्षाची दुसरी मोठी झुंज संपाच्या हक्कासाठी होती. १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकात संपावर कडक बंधनं घातली होती. संप हा कामगाराच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, असं आंबेडकरांनी सभागृहात मांडलं. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत संप झाला आणि त्यात मजूर पक्ष व कम्युनिस्ट एकत्र उतरले. विधेयक तरीही मंजूर झालं. चौदा आमदारांना कायदा अडवता आला नाही, पण विधानसभेतलं भाषण आणि रस्त्यावरचा मोर्चा एकमेकांना जोडून घेण्याची रीत इथे पडली. पुढे महाराष्ट्रातल्या सगळ्या डाव्या पक्षांनी तीच चालवली.

१९४२ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष विसर्जित होऊन त्याची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं घेतली. परुळेकर कम्युनिस्ट झाले आणि गोदावरी परुळेकरांसह ठाण्याच्या वारली आदिवासींमध्ये काम करू लागले. गायकवाड आंबेडकरांबरोबर राहिले. एका पक्षातल्या दोन माणसांच्या या दोन वाटा पुढच्या साऱ्या इतिहासाची खूण आहेत. वर्गाच्या नावानं एकत्र आलेली माणसं जात आणि जमीन यांच्या प्रश्नांवर वेगवेगळ्या पक्षांत गेली.

हैदराबादची विधानसभा

तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. तिथे निवडून आलेली विधानसभाच नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झालं, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळवहिवाट आणि शेतजमिनीचा कायदा आला. मराठवाड्यातल्या जमिनींच्या वादात त्या कायद्याचं नाव आजही निघतं.

१९५२ ची निवडणूक हैदराबादची पहिली. कम्युनिस्ट पक्षावर तिथे बंदी होती, म्हणून त्याचे उमेदवार पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावानं उभे राहिले. १७५ पैकी ९३ जागा जिंकून काँग्रेसनं बुर्गुल रामकृष्ण राव यांचं सरकार बनवलं. फ्रंटला ४२, समाजवाद्यांना ११ आणि शेतकरी कामगार पक्षाला, म्हणजे शेकापला, १० जागा मिळाल्या. या तिघांची बेरीज ६३ होते, म्हणजे सभागृहाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. फ्रंटचे व्ही. डी. देशपांडे विरोधी पक्षनेते झाले. तेलंगणातल्या शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्याची धग ताजी होती, त्यामुळे फ्रंटचा बहुतेक जोर तिकडेच होता. तरीही बीडसारख्या मराठी जिल्ह्यानं फ्रंटचा खासदार दिला, ही गोष्ट लहान नव्हती.

भाषावार राज्यरचना झाली आणि या ताकदीचे तुकडे पडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेलंगण आंध्रात गेलं, कन्नड जिल्हे म्हैसूरला आणि मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. मराठवाड्यातल्या डाव्यांची तेलंगणातल्या मोठ्या संघटनेशी असलेली साखळी तुटली. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली, पण मराठवाडा आणि विदर्भ बहुतांशी काँग्रेसबरोबर राहिले. बीडची लोकसभेची जागाही त्या वर्षी काँग्रेसकडे गेली.

शेकापची उभारी आणि गळती

शेतकरी कामगार पक्षाची सुरुवात स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर काँग्रेसमधल्याच नाराज माणसांनी केली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, नाना पाटील, दत्ता देशमुख, तुळशीदास जाधव ही नावं खेड्यापाड्यांत माहीत होती. सत्यशोधक चळवळीचा वारसा आणि मार्क्सवादी विचार यांची सांगड घालणारा दाभाडी प्रबंध पक्षानं १९५० मध्ये स्वीकारला. शहरी कामगार आणि ग्रामीण शेतकरी यांची एकजूट हा त्याचा गाभा.

फूट मात्र लगेच पडली. दत्ता देशमुख आणि नाना पाटील बाहेर पडले. देशमुखांचा गट पुढे लाल निशाण म्हणून ओळखला गेला, नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले. जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले. कराडचे यशवंतराव मोहितेही शेकाप सोडून काँग्रेसमध्ये गेले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणानं शेकापचा नेता एकेक करून आत ओढला. साखर कारखाने, जिल्हा बँका, जिल्हा परिषदा या सगळ्यांच्या किल्ल्या सत्ताधारी पक्षाकडे होत्या. गावातल्या कर्त्या शेतकऱ्याला पाणी, पतपुरवठा आणि कारखान्याचं सभासदत्व हवं असेल, तर काँग्रेसशी जुळवून घ्यावं लागे. जमीन असलेल्या शेतकऱ्यावर उभा असलेला पक्ष या ओढीपुढे किती टिकणार?

तरीही तो टिकला. १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या पहिल्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसनं घेतल्या. शेकापला १५ मिळाल्या आणि तोच सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. १९६७ मध्ये त्या १९ झाल्या. कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. उस्मानाबादचे उद्धवराव पाटील मराठवाड्याचा आवाज बनले होते आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेत आले. ते पुढे एकूण ११ वेळा निवडून आले, आणि ते सगळे विजय त्यांनी एकाच पक्षाकडून मिळवले.

या मोजक्या आमदारांचं वजन संख्येपेक्षा जास्त होतं, कारण सभागृहाबाहेर त्यांच्यामागे चळवळ उभी होती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये मराठवाडा आणि खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, १९६४ मध्ये तो देशभर नेला. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी डोक्यावर ओझी वाहणाऱ्या माथाडींना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. ज्याला कायम मालक नाही अशा हमालालाही नोंदणी, ठरलेली मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मिळू शकतो, हे त्या कायद्यानं दाखवून दिलं.

सत्तेचे एकोणीस महिने

कष्टकऱ्यांचे पक्ष महाराष्ट्रात सत्तेच्या सर्वांत जवळ आले ते १९७८ मध्ये. आणीबाणीनंतरच्या लोकसभा निवडणुकीत शेकापचे पाच खासदार निवडून आले होते, लातूरहून उद्धवराव पाटील त्यांच्यात होते. पुढच्या वर्षी विधानसभेत जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२, शेकापला १३ आणि मार्क्सवादी कम्युनिस्टांना ९ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसनी मिळून वसंतदादा पाटलांचं सरकार बनवलं. जुलैमध्ये शरद पवार आपल्या गटासह बाहेर पडले आणि १८ जुलै १९७८ रोजी पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं सरकार आलं. बीड जिल्ह्याचे सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री झाले. शेकापचे एन. डी. पाटील सहकारमंत्री झाले, गणपतराव देशमुखही मंत्रिमंडळात होते. मार्क्सवाद्यांनी पाठिंबा दिला.

तीस वर्षं सहकारातल्या मक्तेदारीवर टीका करणाऱ्या पक्षाच्या हाती सहकार खातं आलं, ही मोठी कसोटी होती. एन. डी. पाटलांच्या साधेपणाचा आणि कारभारातल्या शिस्तीचा उल्लेख त्यांचे विरोधकही करत. पण कारखाने आणि बँका यांवर पिढ्यांची पकड असलेली यंत्रणा एका मंत्र्याला दीड वर्षात बदलता येणार नव्हती.

या सरकारच्या काळातली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे रोजगार हमी. तिची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, म्हणजे काँग्रेसच्याच माणसाची. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातले लाखो लोक खडी फोडायला आणि नालाबंडिंगच्या कामावर गेले, तेव्हा ती योजना गावोगाव माहीत झाली. विधिमंडळानं १९७७ मध्ये कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून, पुलोदच्या काळात, अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यायचं, न दिल्यास भत्ता द्यायचा. पैसा कुठून आणायचा, याचं उत्तरही कायद्याजवळ होतं. शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि तेवढीच रक्कम राज्यानं घालायची. शेकाप, लाल निशाण, समाजवादी आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी कामावरच्या मजुरांच्या संघटना बांधल्या, हजेरीपट आणि मजुरी यांवर लढे दिले. कायदा कागदावर राहिला नाही, याचं मोठं श्रेय त्यांचं आहे. २००५ मध्ये संसदेनं देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता.

पुलोदची सर्वांत कडवी परीक्षाही मराठवाड्यातच झाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. त्यानंतर मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली. सरकारनं ठरावाची अंमलबजावणी थांबवली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मार खाणारे बहुतेक शेतमजूर होते आणि त्यांना मारणाऱ्यांत शेतकरीही होते. शेतकरी आणि मजूर एकाच झेंड्याखाली आणायचं दाभाडीतलं स्वप्न त्या दिवसांत गावकुसावर येऊन तुटलं. हा हिशेब डाव्या पक्षांनी मोकळेपणानं मांडायला हवा होता. तो त्यांनी पुरेसा मांडला नाही.

१७ फेब्रुवारी १९८० रोजी केंद्रातल्या इंदिरा गांधींच्या सरकारनं पुलोद बरखास्त केलं. एकोणीस महिने पूर्ण व्हायला एक दिवस कमी होता.

दुसरी संधी १९९९ मध्ये आली. विलासराव देशमुखांच्या लोकशाही आघाडी सरकारला बहुमतासाठी लहान पक्षांची गरज होती. शेकापचे पाच आमदार सरकारमध्ये सामील झाले, गणपतराव देशमुख आणि मीनाक्षी पाटील मंत्री झाले. २००२ मध्ये रायगड जिल्हा परिषदेच्या राजकारणावरून बिनसलं आणि शेकापनं पाठिंबा काढून घेतला. एका जिल्ह्याच्या सत्तेपायी राज्याची सत्ता सोडावी लागली, यावरून पक्ष किती आकसला होता ते कळतं. त्याआधीच, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानं मुंबईतल्या कामगार राजकारणाचा कणा मोडला होता. २०२४ च्या विधानसभेत शेकापचा एक आमदार आहे, सांगोल्याचा, आणि मार्क्सवाद्यांचा एक, डहाणूचा.

उरलेला हिशेब

जागा मोजल्या तर ही कहाणी पराभवाची आहे. कायदे मोजले तर चित्र वेगळं दिसतं. खोती गेली, माथाडी मंडळं आली, रोजगार हमी आली. दत्ता देशमुखांनी धरलेला आठमाही पाणीवाटपाचा आग्रह अजूनही पाण्याच्या प्रत्येक चर्चेत येतो. यातलं बरंच काही काँग्रेसच्या सरकारांनी केलं, पण विरोधी बाकांवरचे आमदार आणि रस्त्यावरचे मोर्चे नसते तर ते झालं नसतं. कष्टकऱ्यांच्या पक्षांनी महाराष्ट्रात राज्य केलं नाही. राज्य करणाऱ्यांना काय करावं लागेल, हे मात्र पुष्कळदा त्यांनीच ठरवलं.

या बाकांवर आता दोनच आमदार आहेत, आणि त्याची किंमत आज बीड जिल्हा मोजतो आहे. दिवाळीनंतर इथल्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून बाईच्या नावाची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाचं अंग आधीच गहाण पडतं. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढली जात असल्याचं उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पाहणीत अशा हजारो महिला आढळल्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ निघालं, ते स्वागतार्हच आहे. पण महामंडळ योजना देतं, हक्क कायदाच देतो.

माथाडीला जे १९६९ मध्ये मिळालं, ते ऊसतोड कामगाराला मिळावं ही मागणी जुनी आहे. कारखान्याकडे नोंदणी, स्त्री आणि पुरुषाच्या मजुरीची स्वतंत्र मोजणी, भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई आणि उचलीवर मर्यादा, एवढंच त्यात आहे. या पट्ट्यातल्या मतदारांनी एकेकाळी पक्ष, जात आणि जिल्हा न पाहता साताऱ्याच्या नाना पाटलांना निवडून दिलं होतं. पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, बीडच्या मतदारांनी या कायद्याबद्दल विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.